माणूस घरी आणायचा तर आधी घर तयार करू या



या अंकात बेणे, खते, पाणी यांवर तज्ज्ञांनी लिहिलेले आपण वाचालच. मी तज्ज्ञ नाही. पण गेल्या दोन वर्षांत माझ्या घरात जे घडले त्यावरून एक विषय आपल्यापुढे ठेवावासा वाटतो. तो म्हणजे, वृद्धाश्रमात किंवा शुश्रूषागृहात ठेवलेली आपली माणसे पुन्हा गावात कशी आणायची.

आमची थोरली आत्या पहिल्यापासून माहेरीच राहिली. वय अठ्ठ्याहत्तर. अंगणात पाय घसरून पडली आणि खुब्याचे हाड मोडले. शहरात ऑपरेशन झाले. नंतर, दोन महिन्यांत चालायला लागली की नेऊ, म्हणून तिला एका शुश्रूषागृहात ठेवले. दोन महिन्यांचे चौदा महिने झाले. तिथल्या लोकांनी हेळसांड केली असे मुळीच नाही. जेवण वेळेवर, औषध वेळेवर. तिसऱ्या महिन्यात ती वॉकर धरून चालू लागली आणि घरी न्यायला हरकत नाही असे डॉक्टरांनीही सांगितले. नेले नाही ते आम्हीच. आज लागण, उद्या तोड, परवा लग्नसराई. मी महिन्याला फी भरायचो आणि कर्तव्य केल्याच्या समाधानात एस.टी.त बसायचो.

एकदा आत्याने विचारले, "आवंदा ऊस गेला का रं?" मी म्हटले, "गेला की, कधीच." ती म्हणाली, "मग माझा नंबर कवा?"

त्या रात्री बसून विचार केला, आत्या तिथे आहे ती कशासाठी? आजारासाठी नव्हे. कारणे निघाली तीन. संडास गोठ्याच्या पलीकडे, उंबरा वीतभर उंच, आणि सकाळी अकरापासून चारपर्यंत घरात कुणी नाही. यातले एकही काम डॉक्टरांचे नव्हते. ती कामे गवंड्याची, वेल्डरची आणि शेजाऱ्याची होती. पडवीलगत कमोडचा संडास बांधला, धरायला लोखंडी पाइप बसवले, उंबऱ्याला सिमेंटचा उतार केला. दुपारी बसायला शेजारच्या एका बाईंना रीतसर पगार देऊन सांगितले. बांधकामाचा खर्च शुश्रूषागृहाच्या चार महिन्यांच्या फीत बसला.

सगळे सुरळीत झाले असे मात्र सांगत नाही. दुसऱ्याच महिन्यात आत्या रात्री पडली. हाड वाचले, पण घरात वाद झाला. मी म्हणालो, परत नेऊ. त्यावर पत्नी म्हणाली, "रात्री उठायचं मी, धुणं धुवायचं मी, आणि ठरवायचं तुम्ही?" सवाल खरा होता. तेव्हापासून रात्रीची पाळी मी आणि मुलाने वाटून घेतली. आणि मुख्य म्हणजे आत्यालाच विचारले. ती म्हणाली, "पडले म्हणून काय झालं? उठवायला तुम्ही हायसा न्हवं." आज ती पडवीत बसून डाळ निवडते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दोन शब्द सुनावते.

हा प्रश्न आपल्यापुरताच आहे असे नाही. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही माणसे अशीच अडकून पडली होती. जॉर्जिया राज्यात लोईस कर्टिस आणि इलेन विल्सन या दोन स्त्रियांना समाजात राहायला हरकत नाही असे डॉक्टरांनी सांगूनही सरकारी मनोरुग्णालयातच ठेवले होते. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २२ जून १९९९ रोजी निकाल लागला की, कारण नसताना माणसाला संस्थेत वेगळे ठेवणे हा भेदभावच आहे. डॉक्टरांचे मत अनुकूल असावे, त्या माणसाचा विरोध नसावा, आणि व्यवस्था आवाक्यातली असावी. मग त्याला समाजात राहू दिले पाहिजे. लोईस कर्टिस पुढे स्वतःच्या घरात राहून चित्रे काढू लागल्या.

पण निकालाने आपोआप कुणी घरी येत नाही. तिथे सरकारी पैसा शुश्रूषागृहाला सहज मिळे, घरच्या मदतीला मिळताना अडचणी येत. म्हणून २००५ च्या कायद्याने एक योजना आली. तिचे सूत्र असे की, पैसा माणसाच्या मागे गेला पाहिजे. घर शोधणे, घरात सोयी करणे, मदतनीस नेमणे यासाठी माणूस आणि निधी दिला गेला. एक लाखाहून अधिक लोक या मार्गाने संस्थेबाहेर आले. सुरुवातीला किमान सहा महिने संस्थेत काढल्याशिवाय योजना लागू होत नसे. २०२० अखेर ती मुदत साठ दिवसांवर आणली. आपल्याला यातले मर्म लगेच कळावे. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की वजनही घटते आणि उताराही. माणूस संस्थेत जितका जास्त राहील तितके त्याचे पाय लुळे पडतात, आणि घरातली त्याची जागाही भरून जाते. त्याच्या खोलीत खताची पोती येऊन बसतात.

आपल्या देशातही २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम १९ आहे. केवळ घरचे नेत नाहीत किंवा घर नाही, एवढ्या कारणासाठी कुणाला मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असे ते म्हणते. वृद्धांच्या बाबतीत हेच तत्त्व आपण आपल्या गावापुरते का पाळू नये?

माझ्या सूचना अशा:

१. प्रत्येक गटकार्यालयाने बाहेर ठेवलेल्या वृद्ध सभासदांची व सभासदांच्या आईवडिलांची यादी करावी. नोंदणीचा ऊस कुठल्या फडात उभा आहे हे आपण जाणतो, मग माणूस कुठे आहे हेही कळायला हवे.

२. परत यायचे की नाही हे त्या माणसालाच विचारावे. कुणाला संस्थेतच बरे वाटत असेल, कुणाला तिथल्याच उपचारांची गरज असेल. त्यांना ओढून आणू नये.

३. संडास, कठडे, उतार यांसाठी कारखान्याने बिनव्याजी उचल द्यावी आणि ती ऊस बिलातून हप्त्याने कापावी. वर्कशॉपमधल्या कारागिरांनी कठडे बनवून द्यावेत.

४. दुपारच्या सोबतीसाठी गावातल्याच बायकांना पगारी काम द्यावे. हा भार फुकटात सुनांच्या डोक्यावर टाकून "आपली संस्कृती" म्हणून मिरवू नये.

संचालक मंडळाने हा विषय येत्या वार्षिक सभेपुढे ठेवावा, ही नम्र विनंती. शेवटच्या कांडीपर्यंत नोंदीचा ऊस गाळल्याशिवाय आपण हंगाम बंद करत नाही. ज्यांनी हा कारखाना उभा राहावा म्हणून शेअरची रक्कम दागिने मोडून भरली, त्यांचाही नंबर आता लागला पाहिजे.



आपला,
एक ऊस उत्पादक सभासद