डिस्क रिकामी, तरी फाइल का अडते?

आषाढी वारीत पंढरपुरात तासन्‌तास चित्रीकरण चालते. ते स्टुडिओच्या सामायिक नेटवर्क डिस्कवर टाकताना कॉपी मध्येच थांबली, की दोष डिस्कला दिला जातो आणि नवी डिस्क आणली जाते. हा खर्च अनेकदा वाया जातो. आधी फाइल किती जीबीवर अडली, ते पाहावे.

आकडा ४ जीबी असेल, तर डिस्क बहुधा ‘फॅट ३२’ पद्धतीची आहे. या पद्धतीत कितीही जागा शिल्लक असली, तरी एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. आकडा २ जीबी असेल, तर संशय जुन्या सॉफ्टवेअरवर घ्यावा. ‘एनएफएस’ या नेटवर्क पद्धतीच्या दुसऱ्या आवृत्तीला हीच मर्यादा होती. १९९५ मधील तिसऱ्या आवृत्तीने ती उठवली. मात्र सर्व्हर, संगणक किंवा कॉपीचे सॉफ्टवेअर यांपैकी एक जरी जुने राहिले, तरी फाइल अडते.

‘फॅट ३२’ डिस्क ‘एक्सफॅट’ किंवा ‘एनटीएफएस’मध्ये फॉरमॅट केली की अडचण सुटते, पण त्यात आधीचे सगळे पुसले जाते. म्हणून आधी दुसरी प्रत काढावी. दोन्हीकडचा फाइलचा आकार जुळल्याशिवाय कॅमेऱ्याचे कार्ड रिकामे करू नये. यंदाची वारी पुन्हा टिपता येणार नाही.