थट्टेचा गुन्हा

१९४२ सालीं अमेरिकेंतील ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या ५१ व्या अंकांत सुपरमॅनविरुद्ध ‘प्रँकस्टर’ हा थट्टेखोर खलपुरुष अवतरला. असल्या चित्रकथांनीं मुलें खोडकर होतील, अशी ओरड सुशिक्षित पालक करितात. आमची तक्रार नेमकी उलट आहे. येथें थट्टेची सांगड चोरीशीं घालून न्याय केवळ बाहुबलाच्या हवालीं केला आहे. आपली परंपरा अशी नव्हे. पिंपरी पेंढार ज्या जुन्नर तालुक्यांत आहे, त्याच तालुक्यांतील नारायणगांव हें तमाशाचें माहेरघर. तमाशांतील सोंगाड्या राजा-प्रधानांची रेवडी उडवितो, आणि प्रेक्षक त्याच्याच बाजूचे असतात. गौळणींतील पेंद्या तर प्रत्यक्ष कृष्णाचा सखा! बलवंताला हंसणें हाच अपराध, असें मुलांनीं मानलें, तर उद्यां त्या बलवंताला आवरील कोण?