आधी केमो म्हणजे हात टेकणे नव्हे

शहागंजातले माझे चाचा पिवळे पडले. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगभर खाज. पोटात मात्र दुखत नव्हते. ‘कावीळ आहे, उतरेल’ म्हणत दीड महिना गेला. दंडावर डाग दिला, झाडपाल्याचे औषध झाले, गळ्यात ताईत आला. शेवटी तपासण्या झाल्या आणि पित्तनलिकेचा कॅन्सर निघाला.

डॉक्टर म्हणाले, आधी केमो, मग ऑपरेशनचे पाहू. घरात रडारड सुरू झाली. ‘ऑपरेशनला नाही म्हणाले, म्हणजे आशा सोडली!’ मला या समजुतीबद्दलच बोलायचे आहे.

गाठ पूर्ण काढता येत असेल तर आजही बहुतेकदा आधी ऑपरेशनच करतात. नंतर सहा महिने कॅपेसिटाबीनच्या गोळ्या देतात. त्याला 2019 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या बिलकॅप चाचणीचा आधार आहे. पण गाठ यकृताच्या रक्तवाहिन्यांना भिडली असेल तर ती पूर्ण निघत नाही, आणि अर्धवट काढून रोग जात नाही. अशा वेळी जेमसिटाबीन-सिसप्लॅटिन देऊन गाठ आकसते का, हे पाहतात. रोग आतून पसरत असेल तर तेही याच काळात कळते आणि मोठे, निष्फळ ऑपरेशन टळते.

केमोआधी स्टेंट टाकून कावीळ उतरवावी लागते. तो तुंबला तर थंडी-ताप येतो. तेव्हा घरी न थांबता लगेच दवाखाना गाठावा. केमो चालू असताना गाठ वाढण्याचा धोकाही असतो. म्हणून प्रत्येकालाच आधी केमो द्यावी, असे अजून ठरलेले नाही. डॉक्टरांना विचारा: आमच्या रुग्णाला आधी केमो का? पुढचा स्कॅन कधी? शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर या निर्णयात आहेत का?

आपल्या शहरात 2012 पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचारही बसतात. तरी कावीळ म्हटली की आपली पावले आधी ताईताकडे वळतात.

दुआ जरूर मागा; ती दवेच्या आड येत नाही. पण दुखत नाही आणि कावीळ वाढतेय, तर त्याच आठवड्यात सोनोग्राफी करा. मशिदीत जुम्याला एवढे दोन मिनिटे सांगितले तरी पुष्कळ होईल. चाचांची तीन सायकल झाली आहेत, आता स्कॅनची वाट पाहतोय. तो दीड महिना मात्र परत मिळणार नाही.