जुने पिकअप, नवे एलईडी दिवे : प्रश्न उजेडाचा, सुरक्षेचा आणि कायद्याचाही

वाराणसी : गंगेच्या खोऱ्यात डिसेंबर-जानेवारीतील धुके उतरले की राष्ट्रीय महामार्ग १९ वरून वाराणसीकडे येणाऱ्या मालवाहू पिकअपांचा रात्रीचा प्रवास खडतर होतो. चंदौली, मिर्झापूर, गाझीपूर या परिसरातील भाजीपाला पहाटेच्या बाजाराआधी पहाडिया मंडीत पोहोचवायचा असल्याने या वाहनांना अंधार टाळता येत नाही. दहा-पंधरा वर्षे धावलेल्या वाहनाचे दिवे तोवर मंदावलेले असतात. त्यामुळे जुन्या हॅलोजन बल्बच्या जागी झगझगीत पांढरा एलईडी बसवून घेण्याकडे चालकांचा कल वाढणे स्वाभाविक आहे. मात्र काही शे रुपयांत होणारा हा बदल चालकाची दृष्टी खरोखर सुधारतो का, आणि त्याची किंमत समोरून येणाऱ्याला मोजावी लागते का, याचा विचार क्वचितच होतो.

चालकाची गरज खरी आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात साधारण १७ मीटर अंतर कापते. धोका लक्षात येऊन ब्रेकवर पाय पडेपर्यंतचा वेळ आणि भरलेले वाहन प्रत्यक्ष थांबण्याचा काळ जमेस धरला, तर ५० मीटरच्या आसपास अंतर लागते. मंद दिव्याच्या ‘डिपर’मध्ये विनादिव्याचा सायकलस्वार किंवा गडद कपड्यांतील पादचारी तेवढ्या अंतरावरून दिसेलच, याची खात्री देता येत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यातील सुमारे एक पंचमांश अपघात संध्याकाळी ६ ते रात्री ९ या तीन तासांतील आहेत. अर्थात, यामागे अंधाराइतकीच रहदारीची गर्दीही कारणीभूत असते.

तांत्रिक अडचण दिव्याच्या रचनेत आहे. अनेक जुन्या पिकअपांत ‘एच-४’ प्रकारचा हॅलोजन बल्ब असतो. त्यात दोन तंतू असतात : ‘अप्पर’साठी ६० वॅटचा आणि ‘डिपर’साठी ५५ वॅटचा. डिपरच्या तंतूखाली धातूची छोटी वाटी असते. ती वर जाणारा प्रकाश अडवते. दिव्यामागचा परावर्तक त्या तंतूची नेमकी जागा गृहीत धरूनच घडवलेला असतो. एलईडीत तंतू नसतो; सपाट पट्टीवरील चकत्यांतून प्रकाश निघतो. त्यांची जागा मिलिमीटरभर सरकली तरी झोताची वरची कड विस्कटते आणि प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो. चालकाला मात्र वाहनापुढचे काही मीटर लख्ख दिसत असल्याने उजेड वाढल्याचा भास होतो. प्रत्यक्षात जवळच्या या झळाळीमुळे डोळ्यांची बाहुली आकुंचन पावते आणि दूरचे दिसणे उलट कमी होऊ शकते.

धुक्यात हा दोष अधिक जाणवतो. प्रखर झोत पाण्याच्या सूक्ष्म कणांवर आदळून चालकाकडेच परततो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. अशा वेळी उपयोगी पडतो तो खाली बसवलेला, रुंद पसरणारा आणि वरची कड स्पष्ट असलेला फॉग लॅम्प. ‘अप्पर’ लावून वेग राखण्याचा प्रयत्न धुक्यात सर्वाधिक घातक ठरतो.

कायद्याची भूमिका स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वाहन वेगळे होईल असा बदल परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात ही मर्यादा अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०६ तर थेट झळाळीविषयीच आहे : दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, वाहनाच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्याला तो दिपवणारा नसावा. पुढे सर्चलाइट लावण्यासही पूर्वपरवानगीविना बंदी आहे.

तरीही अंमलबजावणी विस्कळीत आहे, कारण तपासणीचा भर रस्त्यावरच्या दंडावर आहे. झोताची उंची डोळ्यांनी ठरत नाही. त्यासाठी मोजयंत्र लागते. आठ वर्षांपेक्षा जुन्या व्यापारी वाहनाला दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. झोत मोजण्याची खरी जागा तीच आहे. स्वयंचलित तपासणी केंद्रे ही त्रुटी भरून काढू शकतात. परंतु तपासणीपुरता जुना बल्ब लावून नंतर पुन्हा एलईडी बसवण्याची पळवाट उरतेच. शिवाय कारवाईचा रोख विकत घेणाऱ्यावर राहतो आणि विकणारा मोकळा सुटतो, हेही न्याय्य नाही.

युरोपचा अनुभव येथे उद्बोधक आहे. जर्मनीने २०२० मध्ये हॅलोजनच्या जागी बसणाऱ्या एलईडी बल्बला प्रथमच रस्त्यावर मान्यता दिली. पण ती सरसकट नव्हती. ज्या वाहनाच्या दिव्यात तो बल्ब तपासला गेला, त्याच वाहनांपुरती ती मर्यादित होती. भारतात पुण्याच्या ‘एआरएआय’सारखी चाचणी संस्था १९६६ पासून कार्यरत आहे. देशात मोठ्या संख्येने धावणाऱ्या मोजक्या पिकअप मॉडेलांसाठी प्रमाणित बल्बची यादी तयार करणे अशक्य नाही. नारायणगावहून वाशीला रात्री टोमॅटो नेणाऱ्या चालकालाही तिचा तितकाच उपयोग होईल.

तोपर्यंत कायद्याच्या चौकटीतला मार्ग उपलब्ध आहे, आणि तो स्वस्तही आहे. जुन्या वाहनात दोष बहुधा बल्बचा नसून विजेच्या वहनाचा असतो. गंजलेली अर्थिंग आणि झिजलेल्या वायरी यांमुळे बल्बपर्यंत पोहोचणारा दाब १० टक्के घटला, तर प्रकाश जवळजवळ ३० टक्के कमी होतो. वायरिंग दुरुस्त करून योग्य जाडीची तार व रिले बसवणे, काळवंडलेला परावर्तक किंवा पिवळी पडलेली काच बदलणे, त्याच क्षमतेचा दर्जेदार बल्ब घेणे आणि माल भरलेल्या स्थितीत झोताची उंची जुळवून घेणे, एवढ्याने मूळ दिवा पुष्कळसा पूर्ववत होतो. मागे वजन पडले की पिकअपचे तोंड वर उठते आणि कायदेशीर दिवाही समोरच्याला दिपवू लागतो, ही बाब चालक आणि गॅरेज दोघांकडूनही दुर्लक्षिली जाते. याउलट ९०-१०० वॅटचा बल्ब मूळ होल्डरमध्ये बसवल्यास तो वितळण्याचा धोका असतो.

रात्रीच्या रस्त्यावर उजेड ही खासगी मालमत्ता नसते. एका चालकाने वाढवलेला प्रकाश दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर क्षणभर अंधार आणत असेल, तर सुरक्षितता वाढलेली नसते. धोका केवळ समोरच्याकडे सरकलेला असतो. बहुतेक वेळा तो समोरचा सायकलवर किंवा पायी असतो. दंडाच्या पावतीपेक्षा परवडणारा प्रमाणित पर्याय आणि मोजयंत्रावरची तपासणी हेच या प्रश्नाचे टिकाऊ उत्तर आहे.