पिसांचे मुकुट नकोत, बोंड हातात द्या

अमेरिकेतल्या शाळांत दर नोव्हेंबरला पोरांकडून कागदी पिसांचे मुकुट करून घेतात. गोरे वसाहतवाले आणि तिथले आदिवासी एका पंगतीत जेवले, एवढाच इतिहास पोरं कात्री-गोंदाने शिकतात. जमीन कुणाची गेली, ते मुकुटावर लिहिलेलं नसतं. तिथल्या आदिवासी पालकांनी यावर आक्षेप घेतले, तेव्हा कुठे काही शाळा जाग्या झाल्या.

आपल्याकडे वेगळं काय चाललंय? शेंडगावचे गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले. २३ फेब्रुवारीला एका पोराच्या डोक्यावर गाडगं, हातात खराटा, की झाली जयंती. याच बाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली, हे कुठल्या चार्टवर असतं? आणि तो खराटा वर्गातल्या नेमक्या कोणत्या पोराच्या हाती जातो, तेही बघा एकदा.

म्हणून आपले काही कार्यकर्ते म्हणतात, हे चोचले बंद करा, पोरांना पुस्तक द्या. मला हे पटत नाही. हाताने शिकलेलं पोरगं विसरत नाही. वाद आहे तो हातात काय द्यायचं याचा.

अमेरिकेचा इतिहास घ्या. १७७३ ला बोस्टनच्या बंदरात फेकलेला चहा, १७७६ चा जाहीरनामा, की धडा संपला. सगळी माणसं समान, असं लिहिणाऱ्या जेफरसनच्या स्वतःच्या मळ्यावर गुलाम राबत होते. हे शिकवायला वऱ्हाडात थर्माकोल लागत नाही. पऱ्हाटीचं एक बोंड पुरे.

प्रत्येक पोराला एकेक बोंड द्या. बोटांनी सरकी काढायला सांगा. दहा मिनिटांत किती कापूस निघाला ते मोजा. मग सांगा, की १७९४ मध्ये एली व्हिटनीला सरकी काढायच्या यंत्राचं पेटंट मिळालं. यंत्राने काम हलकं झालं म्हणून गुलाम सुटले का? पोरं 'हो' म्हणतील. उत्तर उलटं आहे. सरकी झटपट निघू लागली, कापसात पैसा आला, लागवड वाढली, वेचायला आणखी हात लागले. १७९० च्या गणनेत सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६० मध्ये जवळपास ४० लाख.

पुढचा धडा तर आपल्याच वावरात आहे. १८६१ ला तिथे यादवी पेटली, इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाचा भाव चढला. अकोला-बडनेऱ्यावरून रेल्वे त्याच दशकात धावू लागली. त्या भावातलं वेचणाऱ्या बाईच्या पदरात किती पडलं, हे पोरांनी विचारलंच पाहिजे. आज तिला किलोमागे काय मिळतं, हे घरी आईला विचारून यावं. बऱ्याच घरांत उत्तर तयार असेल.

१८७३ ला जोतिरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना. बोंड सोललेल्या पोराला ही अर्पणपत्रिका समजवावी लागणार नाही.

एक पथ्य मात्र पाळा. गुलामांच्या बाजाराचं नाटक वर्गात करू नका. अमेरिकेत काही शाळांनी ते केलं आणि काळ्या पोरांना सगळ्यांसमोर विकायला उभं केलं. आपल्याकडे गळ्यातलं मडकं आणि कमरेचा झाडू कुणाला बांधतील, ते सांगायला नको.

२८ नोव्हेंबरला जोतिरावांचा स्मृतिदिन. तेव्हा वेचणी सुरू असते, बोंडं फुकट मिळतात. शाळा तयार नसेल तर विहारात बसवा पोरांना.