लेखणीचे मुंडकार

भाटकार आणि मुंडकार हे शब्द गोमंतकीय वाचकांस समजावून सांगण्याचे कारण नाही. परंतु आमचे जे वाचक बेळगाव, इंदूर वा बडोदे येथे आहेत त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, दुसऱ्याच्या भाटात त्याच्या संमतीने घर करून राहणारा तो मुंडकार. घर त्याच्या घामाचे, जमीन भाटकाराची. आणि भाटकाराची मर्जी फिरली म्हणजे चूल उचलून चालते व्हावयाचे, ही रीत गोव्यात पिढ्यान् पिढ्या चालली. १९७५ च्या मुंडकार कायद्याने या हुसकावणीस आळा घातला आणि राहत्या घराची जागा विकत घेण्याचा हक्क मुंडकारास दिला. जमिनीच्या बाबतीत जी गोष्ट आपण अन्याय म्हणून मोडीत काढली, तीच आज आपले छापखाने, आपले छायाचित्रकार आणि आपल्या देवस्थानांच्या समित्या स्वखुशीने, वर दरमहा पैसे भरून, पुन्हा पत्करीत आहेत, असे आमचे म्हणणे आहे.

आम्ही बोलतो आहो ते छायाचित्रे सुधारण्याच्या, चित्रे काढण्याच्या आणि पाने जुळविण्याच्या सॉफ्टवेअरविषयी. या क्षेत्रात अडोबी या अमेरिकन कंपनीचे राज्य आहे, आणि ते तिने आपल्या कर्तबगारीने मिळविले हे नाकारण्यात अर्थ नाही. १९८२ साली स्थापन झालेल्या या कंपनीचे फोटोशॉप १९९० साली बाजारात आले. पुष्कळ वर्षे ते खोक्यातून मिळे. एकदा किंमत मोजली की ती आवृत्ती, संगणक चालेल तोवर, आपल्या कामास येई. मे २०१३ मध्ये कंपनीने जाहीर केले की, क्रिएटिव्ह सूटच्या सहाव्या आवृत्तीनंतर त्या मालिकेत नवी आवृत्ती निघणार नाही. नवे काही हवे असेल त्याने वर्गणी भरावी. तेव्हापासून वर्गणी थांबली की अवजार थांबते. सुताराचा हप्ता चुकताच रंधा त्याच्या हातात अडून बसावा, तसा हा प्रकार.

वकिलीच्या सवयीने आम्ही या व्यवहाराचे नाव शोधू लागलो. १८८२ च्या इझमेंट कायद्याचे कलम ५२ सांगते की, दुसऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर असे काही करण्याची मुभा, की जी नसती तर ते कृत्य बेकायदा ठरले असते, तिचे नाव लायसन्स. तिच्यामुळे त्या मालमत्तेत घेणाऱ्याचा कसलाही हितसंबंध उत्पन्न होत नाही. कलम ६० म्हणते की ही मुभा देणाऱ्यास काढून घेता येते. मात्र तिच्या भरवशावर घेणाऱ्याने पदरचा खर्च करून कायमचे बांधकाम केले असेल तर नाही. जमिनीसाठी केलेला हा कायदा सॉफ्टवेअरास लागू होत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु त्यामागची न्यायबुद्धी पाहावी. ज्याने दहा वर्षे खपून हजारो पाने एकाच कंपनीच्या फाइलींत साठविली, त्याने बांधकाम केलेले नाही काय? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली, टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात, बाजारात विकले जाणारे तयार सॉफ्टवेअर हा ‘माल’ आहे असा निर्णय दिला. वर्गणीच्या पद्धतीत विकत घेण्यासारखा मालच उरत नाही. उरते ती केवळ मुभा.

मुभा काढून घेतली जाते तेव्हा काय होते, याची उदाहरणे दूरची नाहीत. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकन सरकारच्या निर्बंधांमुळे अडोबीने व्हेनेझुएलातील सर्व खाती बंद करण्याची सूचना दिली. त्या देशातील चित्रकारांनी कोणता अपराध केला होता? त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारी परवाना मिळाल्यावर निर्णय फिरला, हे खरे. पण मधल्या दिवसांत हजारो माणसांची उपजीविका दोन परक्या कार्यालयांतील कागदावर टांगलेली होती. २०२२ साली पॅन्टोन या रंगसंच बनविणाऱ्या कंपनीशी असलेला करार बदलताच, वेगळी वर्गणी न भरणाऱ्यांच्या जुन्या फाइलींतील ते रंग काळे दिसू लागले. जून २०२४ मध्ये तर अमेरिकेच्या न्यायखात्यानेच कंपनीवर दावा लावला. महिन्याच्या हप्त्याने भरावयाच्या वार्षिक करारात, पहिल्या वर्षी मध्येच सोडून जाणाऱ्याकडून उरलेल्या हप्त्यांच्या निम्मी रक्कम घेतली जाते, आणि ही अट ग्राहकास नीट दिसेल अशी सांगितली जात नाही, असा त्यातील आरोप होता. आरोप म्हणजे निकाल नव्हे, हे आम्हांस कोणी शिकवावयास नको. परंतु शिरताना दार रुंद आणि निघताना अरुंद, ही तक्रार एका सरकारास न्यायालयात न्यावीशी वाटली, एवढे ध्यानी घेण्यासारखे आहे.

आता घरचे सांगतो. ज्या देवस्थानाचे आम्ही महाजन आहो, तेथे काही वर्षांपूर्वी उत्सवाची स्मरणिका निघाली. एका होतकरू तरुणाने ती भाड्याच्या सॉफ्टवेअरवर सुरेख सजविली आणि पुढे तो नोकरीसाठी आखातात गेला. जीर्णोद्धाराच्या वेळी देणगीदारांची तीच यादी पुन्हा छापावयाची ठरली. फाइल समितीजवळ होती, पण ती उघडणारे अवजार कोणाजवळ नव्हते. एका छापखान्यात तेच सॉफ्टवेअर मिळाले, परंतु जुन्या आवृत्तीचे. नवीत लिहिलेले जुनीस वाचता येईना. अखेरीस छापील प्रत समोर ठेवून सारी नावे पुन्हा टंकिली, आणि त्यात दोन गळाली. त्यांपैकी एक नाव एका विधवा मावशीने दिवंगत पतीच्या स्मरणार्थ नोंदविले होते. पुस्तक हाती घेऊन त्यांनी पाने उलटली, चष्मा पुसून पुन्हा उलटली, आणि आम्हांस एकच विचारले, “ह्यांचे नाव काढले का रे?” आम्हांपाशी उत्तर नव्हते. दोष कोणा कंपनीचा नव्हता. देवाचे दप्तर आम्ही ज्या कपाटात ठेवले त्याची किल्ली आमच्याजवळ नाही, याचा विचार आम्ही केला नाही, हा दोष आमचा.

कोणी म्हणतील, दुसरे आहेच काय? आहे. छायाचित्रांसाठी गिम्प आहे. बर्कली विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी १९९५ च्या सुमारास त्याचा आरंभ केला आणि मार्च २०२५ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली. रेखाचित्रांसाठी इंकस्केप, रंगकामासाठी क्रिटा, कॅमेऱ्यातील कच्च्या छायाचित्रांसाठी डार्कटेबल आणि पाने जुळविण्यासाठी स्क्रायबस आहे. स्क्रायबसच्या २०२४ च्या १.६ या आवृत्तीत देवनागरीची जोडाक्षरे व वेलांट्या नीट बसतात. एक टाइप या मुंबईच्या मंडळींचा ‘मुक्ता’ टंकही खुल्या परवान्याने मिळतो. उणिवा आम्ही लपवीत नाही. छपाईच्या चार शाईंत थेट काम करण्याची सोय गिम्पमध्ये अद्याप पुरती नाही. ते काम स्क्रायबसमधून पीडीएफ काढताना करावे लागते. हाताला वळण लागण्यास दोन-तीन महिने जातात. पण आमच्या उत्सवपत्रिकेला, पावतीपुस्तकाला आणि स्मरणिकेला जे लागते ते सारे यांत आहे. हत्तीचे बळ हवे असे काम आपल्यांपैकी कितीजणांपाशी असते?

दुसरा आक्षेप मनातल्या मनात घेतला जातो, म्हणून आम्ही तो उघड मांडतो. “वर्गणी भरतो कोण? आमच्याकडे फोडलेली प्रत आहे.” १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ६३ ब चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगते; धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकते. पण शिक्षेची भीती घालणे हा आमचा हेतू नव्हे. चोरलेल्या फुलांचा हार आपण देवाला घालीत नाही. मग चोरलेल्या अवजाराने सजविलेली पत्रिका गर्भागारात कोणत्या तोंडाने ठेवतो? शिवाय चोरी करणाराही मुंडकारच राहतो, कारण त्याची फाइल त्याच भाटात अडकलेली असते.

आणखी एक सावधगिरी. फुकट म्हणजे मुक्त नव्हे. ॲफिनिटी हे एकदाच किंमत मोजून मिळणारे चांगले सॉफ्टवेअर २०२४ साली कॅनव्हा कंपनीने विकत घेतले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ते विनामूल्य केले. ज्याला हवे त्याने ते जरूर वापरावे. परंतु आज मालक उदार आहे, एवढ्यावर घर बांधू नये. गिम्प किंवा स्क्रायबस यांचा परवाना निराळा आहे: मूळ संहिताच सर्वांस खुली असल्यामुळे, करणारे उद्या थांबले तरी दुसऱ्यास ते पुढे चालविता येते, आणि मिळालेली प्रत कोणी परत मागू शकत नाही. आपल्या कोमुनिदादींत सामायिक जमिनीची जी कल्पना होती, तिच्या जवळ जाणारी ही गोष्ट आहे.

म्हणून आमची विनंती अशी. येत्या वार्षिक सभेत प्रत्येक देवस्थानाच्या महाजनांनी ठराव करावा की, छापून घेतलेल्या प्रत्येक पुस्तकाची पीडीएफ, युनिकोडातील मजकूर आणि मूळ छायाचित्रे कारागिराकडून घेतल्यावाचून बिल चुकते होणार नाही. पीडीएफ हा नमुनाही अडोबीनेच घडविला आणि २००८ साली तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. तेव्हा चांगले केले त्याचे श्रेय देऊन ते घ्यावे. पुढची स्मरणिका मुक्त सॉफ्टवेअरवर सजवावी, गावच्या दोन मुलामुलींना त्यासाठी शिकवावे, आणि वाचलेल्या वर्गणीतून काही रक्कम ते सॉफ्टवेअर घडविणाऱ्यांस पाठवावी. फुकट खाणे हे आपले ब्रीद नाही. आमच्या देवस्थानाची यादी आम्ही आता साध्या युनिकोडात उतरवून घेतली आहे. मावशींच्या पतीचे नाव तीत आहे, आणि ते वाचण्यासाठी कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही.