रिकामी जागा कोणाची?

सप्टेंबर २०२३ मधील गोष्ट. आपल्या विद्यालयाचे एक पालक आम्हाला भेटावयास आले. त्यांचा मुलगा पाचवीपासून दहावीपर्यंत येथील वसतिगृहात राहिला, पुढे शासकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झाला. "जय भीम, सर" म्हणून ते बाकावर बसले आणि खिशातून वर्तमानपत्राची घडी काढून त्यांनी आमच्यापुढे ठेवली. पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशासाठी पात्रतेची अट शून्य पर्सेंटाइलवर आणल्याची ती बातमी होती. "सर, जागा भरत नाहीत म्हणून शून्यावर प्रवेश देतात म्हणे. मग माझा पोरगा घरी का बसला?" त्यांच्या मुलाला दुसऱ्या फेरीत एका अभिमत विद्यापीठात जागा मिळाली होती. वर्षाची फी ऐकून बापलेक दारातूनच परतले होते.

त्या दिवशी आमच्यापाशी नीट उत्तर नव्हते. नंतर आम्ही न्यायालयाचे निकाल मिळवून वाचले, जुनी प्रकरणे चाळली. जे हाती लागले ते आजी-माजी विद्यार्थी आणि पालक यांच्यापुढे ठेवणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

स्वतंत्र भारतात आरक्षणाचा पहिला मोठा खटलाच वैद्यकीय प्रवेशावरून उभा राहिला. मद्रास प्रांताच्या जातवार जागावाटपाविरुद्ध चंपकम दोराईराजन न्यायालयात गेल्या. ९ एप्रिल १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द ठरविले. विशेष असे की, त्यांनी महाविद्यालयाकडे प्रवेशाचा अर्जच केलेला नव्हता, हे निकालपत्रातच नमूद आहे. त्यानंतर दोनच महिन्यांत पहिली घटनादुरुस्ती होऊन कलम १५(४) आले. बाबासाहेब तेव्हा कायदेमंत्री होते. वैद्यकीय जागा कोणाची, हा प्रश्न असा प्रजासत्ताकाएवढाच जुना आहे.

पुढचा टप्पा १९९९ चा. उत्तर प्रदेशाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशासाठी खुल्या वर्गाला किमान ४५ टक्के आणि आरक्षित वर्गाला किमान २० टक्के गुणांची अट ठेवली होती. डॉ. प्रीती श्रीवास्तव प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बहुमताने हा फरक अमान्य केला. एवढ्या उच्च पातळीवर दर्जाशी अशी तडजोड करता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता. आपल्या मुलांना त्यानंतर कित्येक वर्षे हा दाखला ऐकविला गेला.

रिकाम्या जागांचे वाद त्यानंतर वाढत गेले. २०१९ मध्ये खासगी संस्थांच्या संघटनेने, हजाराहून अधिक पदव्युत्तर जागा रिकाम्या आहेत, मुदत वाढवावी, अशी मागणी केली. केवळ जागा रिकाम्या आहेत म्हणून वेळापत्रक मोडता येणार नाही, असे सांगून न्यायालयाने ती फेटाळली. २०२१ च्या नीट-पीजी परीक्षेनंतर आठ-नऊ फेऱ्या होऊनही १,४५६ जागा उरल्या. सुनावणीत न्यायालयाने प्रवेशयंत्रणेला कडक शब्दांत जाब विचारला, परंतु १० जून २०२२ रोजी विशेष फेरीची मागणी नाकारली. प्रवेशप्रक्रिया अंतहीन असू शकत नाही आणि वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा हा लोकांच्या आरोग्याचा प्रश्न आहे, ही त्यामागची भूमिका होती.

आणि मग आले २०२३. जागा भरत नाहीत म्हणून सर्वच प्रवर्गांसाठी पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली. येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. टक्के आणि पर्सेंटाइल एक नव्हेत. पर्सेंटाइल म्हणजे आपल्यामागे किती परीक्षार्थी आहेत याचे मोजमाप. शून्य पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेला प्रत्येक जण पात्र. या परीक्षेत बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला १ गुण वजा होतो, त्यामुळे शून्याखालचे गुणही शक्य असतात. म्हणून १९९९ चे २० टक्के आणि २०२३ चे शून्य एका तराजूत घालणे काटेकोरपणे योग्य नाही, हे आम्ही मान्य करतो. तरीही इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक प्रश्न पडतोच. आरक्षित मुलासाठी अट सैल केली तेव्हा दर्जा धोक्यात आला. जागा ओस पडू लागल्या तेव्हा अट सर्वांसाठीच काढून टाकता आली. मग धोका नेमका कशाला होता?

जानेवारी २०२६ मध्ये पुन्हा तेच घडले. दुसऱ्या फेरीनंतर हजारो जागा रिकाम्या राहिल्याने खुल्या वर्गाची पात्रता ५० वरून ७ पर्सेंटाइलवर, तर अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गाची ४० वरून शून्यावर आणली गेली. शून्य पर्सेंटाइलचे गुण ८०० पैकी उणे ४० असे निघाले. चर्चा झाली ती या उणे ४० ची. खुल्या वर्गाची अट ५० वरून ७ वर कोसळली, याविषयी कोणी फारसे बोलले नाही. उणे गुणांचा डॉक्टर म्हणजे आरक्षणाचा डॉक्टर, असे समीकरण मात्र तयार झाले.

हा टोमणा निरुपद्रवी नसतो. मे २०१९ मध्ये मुंबईत स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या आदिवासी समाजातील एका डॉक्टर मुलीने जीवन संपविले. जातीवरून छळ झाल्याचा आरोप असलेले ते प्रकरण न्यायालयात गेले. जागा मिळविणे आणि त्या जागेवर सन्मानाने टिकणे, या दोन वेगळ्या लढाया आहेत.

जागा रिकाम्या का राहतात, याची कारणे तपासली तर 'लायक मुले नाहीत' हे कारण टिकत नाही. प्रत्येक उमेदवार एम.बी.बी.एस. उत्तीर्ण असतो. पहिले कारण विषयाचे. शरीररचनाशास्त्र, जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र यांसारख्या विषयांत रुग्णसेवेचा व्यवसाय उभा राहत नाही, म्हणून मुले तिकडे वळत नाहीत. २०२२ मध्ये उरलेल्या जागांत अशाच जागा मोठ्या प्रमाणात असल्याचे सरकारने न्यायालयात सांगितले होते.

दुसरे कारण पैशाचे. अभिमत विद्यापीठांच्या प्रवेशात अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण नाही. खासगी संस्थांत आरक्षण ठेवण्याचा अधिकार ९३ व्या घटनादुरुस्तीने राज्यसंस्थेला दिला, परंतु तो या दारापर्यंत पोहोचलेला नाही. तेथील फेरीत नाव नोंदवायचे तर २ लाख रुपयांची अनामत आणि पुढे वर्षाला काही लाखांची फी. पात्रता शून्यावर आणली तरी फी शून्यावर येत नाही. अट उतरविल्याने जागेचे दार उघडते ते ज्याच्यापाशी गुण कमी पण पैसा आहे त्याच्यासाठी. आमच्या त्या पालकांच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. त्यांच्या मुलाला गुणांनी अडविलेच नव्हते.

पैसा किती थोडा असला तरी पुरतो, हेही पाहा. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील एका दलित मजुराच्या मुलाची धनबादच्या आयआयटीमधील जागा १७,५०० रुपये मुदतीत न भरल्याने गेली. सर्वोच्च न्यायालयाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी कलम १४२ चा अधिकार वापरून त्याला प्रवेश देवविला. निकालाचा आम्हाला आनंद झाला. पण सर्वोच्च न्यायालयापर्यंत न पोहोचलेली मुले किती असतील, या विचाराने तो आनंद पुरा टिकला नाही.

तिसरे कारण जागा अडवून ठेवण्याचे. एखादा उमेदवार राज्याच्या फेरीत एक जागा धरतो, अखिल भारतीय फेरीत दुसरीची वाट पाहतो आणि ती मिळाली की पहिली सोडतो. तोवर त्याच्यामागची मुले मिळेल ती जागा घेऊन बसलेली असतात. चांगली जागा शेवटी कमी गुणांच्या मुलाकडे जाते किंवा कोणाकडेच जात नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याची दखल घेतली. केंद्र व राज्यांचे वेळापत्रक जुळविणे, फेरीपूर्वीच फी जाहीर करणे, दुसऱ्या फेरीनंतर जागा बदलून घेण्याची संधी देणे, जागा अडविणाऱ्यांची अनामत जप्त करून त्यांना पुढील परीक्षेस अपात्र ठरविणे, असे आदेश त्यात आहेत. आमच्या मते रिकाम्या जागांवरचा खरा उपाय या आदेशाच्या प्रामाणिक अंमलबजावणीत आहे.

आता आपल्या भूमिकेविषयी. शून्य पर्सेंटाइलचे समर्थन आम्ही करणार नाही. काही बंधूंना हे आवडणार नाही, कारण त्या सवलतीत आपलीही काही मुले आत गेली. पण दर्जा सैल करणे ही आपली मागणी कधीच नव्हती. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात विज्ञान व तंत्रशास्त्राच्या उच्च शिक्षणावर भर होता आणि त्यासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या. मुलगा तेथवर पोहोचावा म्हणून सरकारने खर्च करावा, ही मागणी होती. ती आजही अपुरी आहे. २०२२ च्या जानेवारीत अखिल भारतीय कोट्यातील ओबीसी आरक्षण वैध ठरविताना सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की, परीक्षेतील गुणांमागे सामाजिक व आर्थिक सोयींची शिदोरी असते, आणि गुणवत्तेचा विचार तिला वगळून करता येत नाही.

म्हणून आपण तीन गोष्टी कराव्यात, असे आम्ही सुचवितो. पहिली, मे २०२५ चा आदेश पाळला जातो का, यावर आपल्या संघटनांनी डोळा ठेवावा आणि अभिमत विद्यापीठांतील आरक्षणाचा व शिष्यवृत्तीचा प्रश्न लोकप्रतिनिधींपुढे सातत्याने मांडावा. दुसरी, आपल्या माजी विद्यार्थ्यांनी अनामत रकमेसाठी एक कायम निधी उभारावा. अनामत बहुधा परत मिळते. म्हणजे तोच पैसा वर्षानुवर्षे अनेक मुलांच्या उपयोगी पडेल. त्याच निधीतून फेऱ्यांचे नियम समजावून सांगणारे मार्गदर्शनही व्हावे, कारण पहिल्या पिढीच्या मुलाला विकल्प कोणत्या क्रमाने भरावेत हे सांगणारे घरात कोणी नसते. तिसरी गोष्ट मनाची. शरीररचनाशास्त्राची किंवा सूक्ष्मजीवशास्त्राची जागा म्हणजे हलकी जागा, हा समज सोडावा. उद्याच्या डॉक्टरांना शिकविणारा प्राध्यापक आपल्यातला असेल, तर त्या वर्गातील शेवटच्या बाकावरच्या मुलाला किती आधार वाटेल, हे शिक्षक म्हणून आम्ही जाणतो.

त्या पालकांचा मुलगा पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसला. त्याला शासकीय महाविद्यालयात औषधशास्त्राची जागा मिळाली आणि त्याने ती घेतली. गेल्या दिवाळीत तो विद्यालयात आला तेव्हा दहावीच्या मुलांनी त्याला घेरले होते. एकाने विचारले, "दादा, तुम्ही ऑपरेशन करता का?" तो हसून म्हणाला, "नाही रे. जे करतील त्यांना मी शिकवणार आहे."